बाबांची जीभ

वाकोल्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून एक खानावळ होती. बोर्डावर कुठल्याशा देवाचं नाव होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळे तिला ‘वहिनीकडे’ म्हणायचे. वहिनी म्हणजे ती खानावळ चालवणारी बाई, मालवणकडची, आवाजाने मोठी आणि हसायला कंजूष. तिचा नवरा पहाटेच धक्क्यावरून मासे घेऊन यायचा आणि मग दिवसभर आत शेगडीपाशी उभा असायचा. बाहेरचं सगळं वहिनी बघायची. कोणाला कुठे बसवायचं, कोणाच्या ताटात भात संपलाय, कोण उगाच टेबल अडवून बसलाय, हे तिला पाठ फिरवलेली असली तरी कळायचं. सनमायकाची टेबलं, पाय थोडे डुगडुगणारे, त्यांवर स्टीलचे पेले उपडे घातलेले. भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूने त्या दिवशीचे मासे. आत शिरलं की आधी तव्यावर रव्याचा आवाज यायचा, मग तेलाचा वास, मग शेजारच्या गिरणीतून येणारा गरम पिठाचा वास त्यात मिसळायचा. आजही कुठे ज्वारी दळल्याचा वास आला की मला बांगडा आठवतो. हे कोणाला सांगितलं तर हसतील म्हणून मी सांगत नाही.

महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी बाबा आम्हाला तिथे न्यायचे. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ दीपक. खरं तर आमच्या घरी मासे रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा व्हायचेच, आणि आईच्या हातचं माशाचं तिखलं वहिनीपेक्षा वाईट नव्हतं. पण बाबांचं म्हणणं असं की एक दिवस तरी तिने खवलं काढत बसू नये. “आज तुज्या हाताक माशाचो वास नको,” असं ते सकाळीच जाहीर करायचे. आई गिरगावात वाढलेली, तिला मालवणी कळायची पण बोलताना तिची भाषा साधीच राहिली. ती म्हणायची, बाहेर बसून चारचौघांत काटे काढत खायचं मला नाही आवडत. तरीही ती ठेवणीतली साडी नेसायची आणि आमच्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी राहायची.

बाबांना खाणं आणि बोलणं वेगळं करता येत नसे. घास तोंडात असताना ते बोलायचे आणि बोलता बोलता पुढचा घास कालवायचे. सुरमई आली की गावच्या खाडीत कोण कोण होडी घालायचं ते सुरू व्हायचं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आल्या की त्यांची आजी ओहोटीला वाळूत पाय रोवून त्या कशा शोधायची, ते. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूससुद्धा हळूहळू आमच्याकडे खुर्ची वळवायचा. वहिनी, जी कोणाशी दोन शब्दांपलीकडे बोलत नसे, ती कढीचा पेला ठेवायला येऊन तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आता बोरिवलीत माझा मुलगा फोनवरून सुरमईची थाळी मागवतो. ती डब्यांत भरून, वरून प्लास्टिक ताणून, दारात येते. चव वाईट नसते. आम्ही जेवतो आणि टीव्ही बघतो.

बाबा आधी कापडगिरणीत होते, सूतखात्यात. कापसाला आग लागेल म्हणून तिथे विडीला बंदी होती, मग रात्रपाळीला डोळे उघडे ठेवायला सगळे तंबाखू मळायचे. गिरणी बंद पडली, बाबा अंधेरीच्या एका गोदामात कामाला लागले, सोबतचे लोक पांगले. तंबाखू तेवढी राहिली. उजव्या गालात, जिभेच्या कडेला ती धरून ठेवायची त्यांना इतकी सवय होती की गालाचा तो भाग मला कायम थोडा फुगलेलाच आठवतो. तिथेच, जिभेच्या त्या कडेला, फोड आला. आईने तूप लावलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं. चाळीतल्या एकाने सांगितलं की दाढ घासत असेल, म्हणून दाढ काढून आणली. फोड तसाच राहिला. मग तो फोड राहिला नाही, कडक गाठ झाली, आणि बाबा बोलताना शब्दाच्या शेवटी अडखळायला लागले. तिखट लागलं की डोळे मिटायचे. आईने त्यांच्यासाठी भात मऊ करायला सुरुवात केली, दहीभात, दूधभात, मुगाची आमटी. त्यांनी तक्रार केली नाही, हेच तिला जास्त भीतीचं वाटलं.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. इंग्रजी कळतं म्हणून मोठ्या इस्पितळात मला सोबत नेलं. तिथल्या बाकांवर माणसं गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसलेली होती. आई त्यांच्याकडे बघत नव्हती, छताच्या पंख्याकडे बघत होती. जिभेचा तुकडा आधीच तपासायला गेला होता. डॉक्टर तरुण होती, मराठीच होती, त्यामुळे माझ्या इंग्रजीची गरज पडली नाही. तिने कागदावर तोंडाचं चित्र काढून दाखवलं. गाठ दिसते तेवढीच नाही, म्हणाली, खाली मुळापर्यंत गेलीय. पूर्ण जीभ काढावी लागेल, आणि मानेतल्या गाठीही. बाबांनी विचारलं, मग बोलणं? ती म्हणाली, शब्द असे येणार नाहीत. आणि खाणं? ते नळीने, पातळ, आणि बहुधा कायमचंच. तिने हे सगळं हळू, बाबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मला तिचा राग आला होता. आज वाटतं, असं सरळ सांगायला तिला किती जड गेलं असेल.

“आणि नाही काढली तर?” बाबांनी विचारलं.

“तर काही महिने. आणि ते महिने चांगले जाणार नाहीत, काका.”

आम्ही घरी आलो. दाराशी चपला काढताना बाबा म्हणाले, “जीभ माजी आसा. माका नको म्हणजे नको.” त्यानंतरचे दिवस आमच्या त्या एका खोलीत कसे गेले ते सांगणं कठीण आहे. चाळीत भांडण करायचं तर आवाज चढवता येत नाही. आई स्टोव्ह पेटवून त्याच्या आवाजाच्या आडून बोलायची. तिचं एकच म्हणणं होतं, मला तुम्ही हवेत, कसेही. बाबांचं म्हणणं, कसेही म्हणजे कसे ते तुका म्हायत नाय. ते म्हणायचे की सकाळ-संध्याकाळ नळीतून पाणी ओतून घेणारा, कोणी हाक मारली तर हूं हूं करणारा माणूस घरात ठेवून ती काय करणार. आई म्हणायची, ते माझं मी बघेन. दीपक लहान होता, तो पाटावर बसून गणितं सोडवायचा, म्हणजे सोडवल्यासारखं करायचा. बाबांनी निरोप धाडला म्हणून घाटकोपरहून आत्या आल्या, बाबांची थोरली बहीण. बाबांना त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांच्या बाजूने निकाल दिला. जीभ कापलेला माणूस म्हणजे निम्मा गेलेलाच, म्हणाल्या, त्याला सुखाने जाऊ दे.  आईने चहा केला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि स्वतः मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

त्या आठवड्याच्या शेवटी बाबांनी अचानक ठरवलं की रविवारी वहिनीकडे जायचं. “पोटभर जेवया,” ते म्हणाले, “मगे काय ता बघूया.” आईला त्याचा अर्थ लागला आणि मलाही लागला. त्यांना जेवून बघायचं होतं. काय सोडायचं आहे ते नीट तोंडात घेऊन बघायचं आणि मग ठरवायचं. कित्येक दिवसांत त्यांनी माशाला हात लावला नव्हता. आईने एवढंच विचारलं की तिखट सोसेल का. ते म्हणाले, सोसात.

त्या रविवारी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. दाढी केली, गाठीच्या बाजूला हळूहळू वस्तरा फिरवून. आम्ही गेलो तेव्हा खानावळ भरलेली होती, पण वहिनीने आम्हाला बघताच पंख्याखालचं टेबल पुसायला घेतलं. तिला आजाराचं अजून कळलेलं नव्हतं. बरेच दिवस दिसला नाहीत भाऊ, एवढंच ती म्हणाली. बाबांनी फळा वाचला आणि सगळंच मागवलं. सुरमईचं कालवण, बांगडा तळलेला, तिसऱ्यांचं सुकं, कोळंबी, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. टेबलावर ताटं ठेवायला जागा उरली नाही. दीपकने कधी एवढं एकत्र बघितलं नव्हतं, तो खुश होऊन बाबांकडे बघत होता. आईने तिच्या ताटाला हात लावला नव्हता.

बाबांनी भातावर कालवण ओतलं, सुरमईचा तुकडा मोडून त्यात कालवला आणि घास घेतला. मी त्यांच्या समोर बसले होते. घास तोंडात गेल्यावर आधी त्यांचे डोळे मिटले, आणि मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. मग मानेच्या शिरा वर आल्या. घास गिळवत नव्हता. थुंकता येत नव्हतं, कारण आजूबाजूला माणसं जेवत होती. ते तसेच बसून राहिले, एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत खाली शर्टावर आलं. मग उठून बेसिनपाशी गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा तोंड पुसलेलं होतं आणि शर्टाचा पुढचा भाग ओला. आईने बांगड्याचा एक तुकडा घेतला, पाण्याच्या पेल्यात बुडवून त्याचा सगळा मसाला धुतला, पांढरी झालेली मासळी काट्यांतून सोडवली आणि त्यांच्या ताटात ठेवली. चारचौघांत काटे काढत बसायला न आवडणारी बाई सगळ्यांसमोर ते करत होती. बाबांनी तो तुकडा डाव्या बाजूने, हळूहळू चावला. या वेळी जळलं नाही. त्यांनी तो गिळलाही. मग दुसरा घेतला. मग हात ताटातच ठेवून थांबले.

“गो,” ते आईला म्हणाले, “चव लागना नाय.”

“मसाला धुतला ना, म्हणून.”

“तसा नाय. कसलीच लागना नाय. मीठसुद्धा.”

त्यांनी सोलकढीचा पेला उचलून घोट घेतला, तो तोंडात फिरवला, गिळला आणि मान हलवली. मग लिंबाची फोड उचलून जिभेवर पिळली. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला, तो मला नको असताना आजही दिसतो. वेदनेचा नव्हता तो. एखाद्या ओळखीच्या घराचं दार ढकलावं आणि आत कोणीच राहत नसावं, तसा होता. महिनाभर दहीभातावर असताना त्यांना वाटत होतं की चव तिथेच आहे, तिखट सोसत नाही म्हणून आपण लांब आहोत. ज्या जिभेसाठी ते आईशी भांडत होते, आत्यांना बोलावून घेतलं होतं, मरायला तयार होते, तिच्यात राखण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

वहिनी लगबगीने आली. भरलेलं ताट बघून तिचा चेहरा पडला. काय झालं, मीठ कमी पडलं का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, “नाय वहिनी, जेवाण बरा आसा. माकाच बरा नाय.” तिने एकदा त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, एकदा पेल्यात बुडवलेल्या बांगड्याकडे, आणि बहुतेक तिला सगळं समजलं. आत जाऊन तिने वाटीभर पेज आणली, नुसती, कोमट, वर नारळाचं दूध घातलेली. बाबांनी ती तिच्या मानासाठी संपवली. आम्हाला त्यांनी जेवायला लावलं. मीही जेवले. बाबा बघत होते. टेबलावर कोणी गोष्ट सांगत नव्हतं. पलीकडच्या टेबलावरचा एक ओळखीचा म्हातारा वाट बघत बसला होता, बाबा काही बोलतील म्हणून, आणि शेवटी हात धुऊन निघून गेला.

बाहेर आल्यावर पिठाच्या गिरणीच्या पायरीशी बाबा थांबले. दीपक पुढे गेला होता. ते आईला म्हणाले, “फाल्या जावन त्या डॉक्टरणीक सांग. काढूंदे.” फाल्या म्हणजे उद्या. आई एवढे दिवस हेच ऐकायला तळमळत होती, पण ते ऐकून तिला आनंद झाला असं मला वाटलं नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि तशीच घरापर्यंत चालली.

इस्पितळात भरती होईपर्यंत मधे थोडे दिवस होते. त्या दिवसांत बाबा खूप बोलले. शब्द जड झाले होते, लाळ सांभाळत बोलावं लागायचं, तरी बोलले. चाळीतल्या प्रत्येक दारात उभे राहिले. गोदामातल्या लोकांना भेटून आले. शिंप्याच्या दुकानातल्या फोनवरून गावाला काकांना फोन लावला आणि तिथेच उभे राहून इतका वेळ बोलले की शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला. मला त्यांनी काय काय सांगितलं त्यातलं फार थोडं लक्षात राहिलं आहे. त्यांचा आवाज मात्र अजिबात आठवत नाही. शब्द आठवतात, हेल आठवतो, पण आवाज नाही. तेव्हा कोणाकडे आवाज धरून ठेवायला काही नव्हतं. आता माझ्या फोनमध्ये नातीच्या खोकल्यापासून सगळं साठवलेलं आहे. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेताना आई ढकलगाडीच्या बाजूने चालत होती. त्यांनी तिला विचारलं, “चाय घेतलंस?” ती हो म्हणाली. तिने घेतला नव्हता. दार बंद झालं.

ते घरी आले तेव्हा आम्ही सगळेच कुजबुजत बोलायला लागलो होतो, जणू आम्हालाही बोलायला बंदी झाली होती. मान एका बाजूला आखडलेली, गळ्यावर शिवणीचा जाड वळ, पोटाला नळी. आई दर थोड्या वेळाने पेजेचं पाणी, दूध, आमटीचं वरचं पाणी गाळून, मोठ्या सिरिंजने त्या नळीत सोडायची. एक कण राहिला तर नळी तुंबेल म्हणून ती फडक्यातून दोनदा गाळायची. लाळ गिळता येत नसे, म्हणून खांद्यावर कायम नॅपकिन. बाबा त्या नॅपकिनची फार काळजी घ्यायचे, ओला झाला की स्वतः धुऊन वाळत घालायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. घरात मासे यायचे बंद झाले. आई म्हणायची, मिळाले नाहीत, महाग होते, उद्या बघू. माशावाली दारात आली तर आई जिन्यापाशीच तिला परतवायची. आम्ही भाजी-आमटी जेवायचो, तेही बाबा झोपले असताना, भांड्यांचा आवाज न करता. दीपक तर शाळेतून येताना बाहेरच काहीतरी खाऊन यायचा. आम्हाला वाटत होतं की आपण त्यांच्यावर दया करतोय.

एका सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर गेले. परत आले आणि ओट्यावर बांगडे ओतले, ताजे, ताठ. आईने मी करणार नाही असं सांगितलं. त्यांनी विळी घेतली, खाली बसले आणि स्वतःच कापायला लागले.  आईने ती विळी त्यांच्याकडून काढून घेतली आणि रडत रडत मासे कापले. त्या दुपारी त्यांनी आम्हाला ओळीने बसवलं, स्वतः समोर बसले. आम्ही खालमानेने जेवत होतो. आईने शेवटचा घास सोडला तर त्यांनी जमिनीवर हात आपटला आणि बोटाने तिचं ताट दाखवलं.

आणि मग एका रविवारी त्यांनी शर्ट घातला आणि दारात उभे राहिले. कुठे जायचं ते विचारायची गरज पडली नाही. वहिनीने त्यांना बघितलं आणि काहीच न विचारता पंख्याखालचं टेबल पुसलं. बाबांनी फळ्याकडे बोट करून आमच्यासाठी एकेक पदार्थ निवडला. स्वतःपुढे त्यांनी नुसता पाण्याचा पेला ठेवून घेतला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं, नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. ती मुलगी बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, मग तिने जेवण थांबवलं. बापाने वहिनीला हळूच बोलावलं. दुसरीकडे कुठे जागा आहे का, मुलीला जेवण जात नाहीये, असं काहीतरी तो म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून प्रयत्न करत होता, पण जागा केवढी. वहिनी म्हणाली, जागा नाही. तो पुन्हा आपल्या ताटाकडे वळला. आई उठली, पदर सावरून माझा हात धरला, चला म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि भिंतीला तोंड करून, सगळ्या खानावळीकडे पाठ करून बसले. आता फक्त आम्हालाच त्यांचा चेहरा दिसत होता. नॅपकिनने त्यांनी हनुवटी टिपली. मग आईकडे बघून टेबलावर दोन बोटं आपटली. बस.

आई बसली. तिने भाकरी मोडली आणि जेवायला लागली. कधी नव्हे ती पोटभर जेवली. कालवण संपवलं, कढी प्यायली, बांगड्याचं डोकंसुद्धा चोखून खाल्लं, जे तिने बाहेर कधी केलं नसतं. एकदाही वर बघितलं नाही. तिचे गाल ओले होते आणि ती जेवत होती. बाबा तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ थोडे हलत होते. बहुधा काहीतरी सांगत होते. आम्हाला ते कळलं नाही.

त्यानंतर आम्ही तिथे जात राहिलो. कधी कोणी टेबल बदलायचं, कधी नाही. बाबा सुरुवातीपासूनच भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. पुढे मानेतली गाठ परत आली, आणि डॉक्टरने सांगितलेले ते वाईट महिने, जे टाळायला एवढं सगळं केलं होतं, ते शेवटी आलेच. त्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. त्या दिवसांत आई त्यांच्या कानाशी बसून, आज बाजारात काय काय आलं होतं ते त्यांना सांगायची.

तेराव्यानंतर आत्या काही दिवस आमच्याकडे राहिल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. पाहुणे गेल्यावर, एका सकाळी माशावाली जिन्यात ओरडली तेव्हा त्यांनी आईला समजावून सांगितलं की वर्षभर तरी तोंडाला मासे लावू नकोस. त्याच्यासाठी तेवढं कर. त्याला मिळाला नाही, तो घास तू कशी खाशील. त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः नवऱ्याच्या मागे ते पाळलं होतं, आणि वर्षभर नाही, जन्मभर.

आई डाळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “त्यांनी समोर बसून खायला घातलंय मला. लोकांकडे पाठ करून बसले, पण मला उठू दिलं नाही. आता मी सोडलं तर ते कशासाठी बसले होते?”

 आईने कडीवरचा पंचा घेतला, हात पुसले आणि माशावालीला वर बोलावलं. दारात बसून तिने बांगडे उलटसुलट करून बघितले, कल्ले उघडून बघितले, घासाघीस केली. तिचा आवाज मधे एकदा फुटला, तेव्हा माशावालीने मान खाली घालून तागडी हलवल्यासारखं केलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो. आत्यांना वरणभात वाढला होता. आईने आपल्या ताटात कालवण घेतलं आणि आमच्या कोणाच्याही आधी पहिला घास घेतला.